सेल्फ ‘टक’ करतो पण फिरत नाही, बॅटरी नवी आहे. अर्थिंगचा दोष कसा पकडायचा?

इंदिरानगरकर

नमस्कार मंडळी. गाडी २०१३ ची डिझेल हॅचबॅक, १ लाख १८ हजार किलोमीटर झालेली. लक्षणं जशी दिसतात तशी देतो.

चावी फिरवली की बोनेटखाली एकच ‘टक’ येतो आणि सेल्फ फिरत नाही. तिसऱ्या-चौथ्या वेळेला एकदम जोरात घेतो. सकाळी गार इंजिनला हे कमी होतं, गाडी तासभर चालवून बंद केली की जास्त. ‘टक’ होताना हेडलाईट लावून पाहिले, उजेड जवळपास तेवढाच राहतो. मागचा डावा इंडिकेटर चालू असताना ब्रेक दाबला की इंडिकेटर मंद होतो आणि त्याच बाजूचा टेललाईट लुकलुकतो. हेडलाईट आणि ब्लोअर एकत्र लावले की टेंपरेचरचा काटा जरासा हलतो.

बॅटरी चार महिन्यांची आहे. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्ट, इंजिन चालू असताना बॅटरीवर १४.२. गॅरेजमध्ये स्टार्टर (सेल्फची मोटर) बदलायला सांगितलंय. त्याआधी अर्थिंग तपासून घ्यायचं आहे. साधा डिजिटल मल्टीमीटर, पान्यांचा सेट आणि जंपर केबल घरात आहे.

प्रश्न तीन: सुरुवात कुठून करू? केबल बदलायची झाली तर किती जाडीची? आणि ऑनलाइन मिळणारं रंगीत वायरींचं ‘अर्थिंग किट’ घेण्यात अर्थ आहे का?

---

सातपूरकर

स्टार्टरला अजून हात लावू देऊ नका. ‘टक’ होताना हेडलाईट मंद होत नाहीत, ही तुमच्या यादीतली सगळ्यात कामाची ओळ आहे. बॅटरी उतरलेली असती तर सेल्फ मारताना हेडलाईट विझल्यासारखे झाले असते. ते तसेच राहतात म्हणजे बॅटरीत दम आहे, पण तो स्टार्टरपर्यंत पोचत नाही. अडथळा तीनपैकी एका ठिकाणी असणार: पॉझिटिव्ह केबल, सोलेनॉइडच्या (स्टार्टरवरचा, चावीने चालणारा चुंबकी स्विच) आतले तांब्याचे कॉन्टॅक्ट, नाहीतर अर्थ. बाकीची लक्षणं धरली तर पहिला संशय अर्थवरच जातो.

आधी करंटचा रस्ता डोळ्यासमोर आणा. स्टार्टरला जाड वायर एकच असते, पॉझिटिव्हची. परतीचा रस्ता, ज्याला आपण अर्थ म्हणतो, तो म्हणजे स्टार्टरचं अंग, तिथून इंजिन, इंजिनपासून बॉडीला जोडणारी पट्टी किंवा केबल, आणि बॉडीपासून बॅटरीचा निगेटिव्ह. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं, त्यामुळे ती एक पट्टी गेली की इंजिन विजेच्या दृष्टीने बॉडीपासून तुटलं. काही गाड्यांत बॅटरीपासून एक केबल थेट गियरबॉक्सवर आणि दुसरी बारीक बॉडीवर असते. तुमच्या गाडीत कोणती पद्धत आहे ते आधी निगेटिव्ह केबल हाताने चाचपत शेवटपर्यंत जाऊन बघा.

लहान डिझेल इंजिनचा सेल्फ फिरताना २०० अँपिअरच्या आसपास ओढतो, पहिल्या झटक्याला त्याहूनही जास्त. आता एखाद्या गंजलेल्या सांध्यात फक्त ०.०१ ओहम अडथळा धरा. २०० अँपिअरला तिथे २ व्होल्ट पडतात आणि ४०० वॅट उष्णता त्या एका बोल्टपाशी जिरते. सोलेनॉइडला मात्र थोडाच करंट लागतो, म्हणून तो कमजोर अर्थवरही ओढला जातो आणि ‘टक’ ऐकू येतो. मोटरने करंट मागितला की व्होल्टेज कोसळतं. गरम इंजिनला त्रास जास्त का, तेही यातच आलं. तापल्यावर तांब्याचा आणि सैल सांध्याचा अडथळा वाढतो.

मीटर ओहमवर लावून केबल तपासू नका. इथे बहुतेक जण फसतात. ओहम मोजताना मीटर नखाएवढाही करंट सोडत नाही. केबलच्या शंभर तारांपैकी पाचच शाबूत असल्या तरी मीटर ०.२ दाखवणार, आणि मीटरच्या स्वतःच्या वायरींचाच अडथळा ०.२ ते ०.३ असतो. त्या पाच तारांतून २०० अँपिअर जाणार आहेत का, हे त्याला कळत नाही. भार चालू असताना व्होल्ट मोजायचे. सांध्यात किती व्होल्ट हरवतात तेवढंच खरं.

सगळ्यात आधी जंपर केबलची चाचणी करा, दोन मिनिटांचं काम आहे. फक्त काळी केबल घ्या. एक चिमटा बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरा इंजिनच्या उघड्या धातूवर. इंजिन उचलायचा जो हूक असतो तो उत्तम. रंग लावलेला भाग, डिझेलचे पाईप, पंखा आणि बेल्ट यांच्यापासून लांब. गाडी गरम करून, म्हणजे जेव्हा हमखास ‘टक’ होतो तेव्हा, पाच वेळा सेल्फ मारा. पाचही वेळा घेतला तर दोष अर्थच्या रस्त्यात आहे. तरीही ‘टक’च आला तर मोर्चा पॉझिटिव्ह बाजूकडे आणि सोलेनॉइडकडे वळवा.

मग मीटर डीसी २० व्होल्टच्या रेंजवर लावून ही मोजणी करा. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक वर, दुसरा माणूस चावीवर. प्रत्येक वेळी तीन-चार सेकंदच सेल्फ, मध्ये अर्धा मिनिट विश्रांती. मीटरला मिनिमम-मॅक्सिममचं बटण असेल तर ते वापरा, आकडा पकडायला सोपं जातं.

पहिलं: बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर एक टोक (क्लॅम्पवर नाही, मधल्या शिशाच्या खांबावर), दुसरं इंजिन ब्लॉकच्या उघड्या धातूवर. सेल्फ फिरताना ०.२ व्होल्टपर्यंत चांगलं, ०.३ चालून जाईल, ०.५ च्या वर असेल तर दोष सापडला.

दुसरं: ०.५ च्या वर आले की रस्त्याचे तुकडे पाडा. खांब ते क्लॅम्प, क्लॅम्प ते बॉडीवरचा बोल्ट, बॉडी ते इंजिन. तिन्हींची बेरीज पहिल्या आकड्याएवढी यायला हवी. ज्या तुकड्यात मोठा आकडा, तिथेच काम. बाकी कशाला हात लावायची गरज नाही.

तिसरं: पॉझिटिव्ह खांब ते स्टार्टरच्या जाड वायरीचा बोल्ट. इथे ०.५ पर्यंत ठीक.

चौथं: सेल्फ फिरत असताना बॅटरीच्या दोन्ही खांबांवर व्होल्ट. ९.६ च्या खाली जायला नको.

‘टक’ होऊन सेल्फ अडकतो त्या क्षणाचा आकडा हाती लागला तर फारच चांगलं. त्या वेळी पहिल्या मोजणीत ५-६ व्होल्टसुद्धा दिसू शकतात.

आकडे इथे टाका, मग केबलचं बोलू.

---

चौदा_पॉइंट_दोन

सातपूरकरांनी स्टार्टरचं सांगितलं, मी चार्जिंगचं जोडतो. बॅटरीवर १४.२ दिसले म्हणजे सगळं ठीक असं समजू नका. ते भार नसताना मोजलेले आहेत. डायनॅमोचा अर्थही इंजिनमधूनच येतो. इंजिन २००० आरपीएमला धरून हेडलाईट, ब्लोअर पूर्ण, मागच्या काचेचा हीटर असेल तर तोही लावा आणि डायनॅमोच्या अंगापासून बॅटरीच्या निगेटिव्ह खांबापर्यंत मोजा. ०.२ च्या आत हवं. इथे ०.६ आले तर डायनॅमो १४.२ बनवत असला तरी बॅटरीला १३.६ च मिळतात, आणि नवी बॅटरी अर्धपोटी राहून दीड-दोन वर्षांत मरते. मग दोष बॅटरीवर ढकलला जातो.

अर्थिंग किटबद्दल: घेऊ नका. मूळ अर्थ नीट असेल आणि प्रत्येक सांध्यात ०.१ च्या आत पडत असेल तर आणखी पाच वायरी जोडून मिळवायला काही उरतच नाही. मायलेज वाढतं, पिकअप सुधारतो ही जाहिरात आहे. बहुतेक स्वस्त किटांत जाड सिलिकॉनच्या आवरणाखाली बारीक तार असते, आणि तीही पुष्कळदा तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची. टोक चाकूने खरवडलं की आत पांढरा धातू दिसतो. जुनी पट्टी तशीच सडू देऊन शेजारून नवी वायर टाकणं म्हणजे मोडक्या पुलाशेजारी फळी टाकणं. एकच केबल बदला, पण चांगली बदला.

---

पाथर्डी_फाटा

मागच्या दिव्याचा दोष वेगळा धरा. इंजिनची पट्टी बदलून तो जाणार नाही.

टेल आणि ब्रेक बहुतेक गाड्यांत एकाच दोन फिलामेंटच्या बल्बमध्ये असतात, २१ वॅट आणि ५ वॅट. शेजारी २१ वॅटचा इंडिकेटर. तिघांचा अर्थ एकाच काळ्या वायरीतून बॉडीला जातो. तो सांधा कळकला की ब्रेकच्या करंटला घरी जायला वाट मिळत नाही, मग तो शेजारच्या फिलामेंटमधून उलटा शिरतो आणि त्या दिव्याच्या पॉझिटिव्ह वायरीतून वाट शोधतो. म्हणून ब्रेक दाबला की इंडिकेटर मंद, इंडिकेटर लावला की टेललाईट लुकलुकतो. तुम्ही लिहिलंय ते शब्दशः हेच आहे. बल्ब बदलून काही होणार नाही.

तपासणी: दिव्याचं कनेक्टर लावलेलंच ठेवा. मागून काळ्या वायरीच्या पिनला मीटरचं एक टोक टेकवा, दुसरं डिकीच्या कुलुपाच्या बोल्टवर किंवा कुठल्याही उघड्या धातूवर. ब्रेक आणि इंडिकेटर चालू. ०.१ च्या आत हवं. १-२ व्होल्ट आले तर अर्थ गेला. पण त्याआधी बल्बचा होल्डर काढून पत्र्याची पट्टी बघा. बऱ्याचदा अर्थचा बोल्ट चांगला असतो आणि होल्डरमधली पत्री जळून काळी-निळी झालेली असते. तसं असेल तर घासून उपयोग नाही, होल्डरच बदला.

अर्थचा बोल्ट डिकीच्या आतल्या पॅनेलमागे, दिव्यापासून हातभर अंतरावर सापडतो. सहसा एम-६, म्हणजे १० चा पाना. खोलून थिंबल (वायरीच्या टोकाला दाबलेली, भोक असलेली धातूची पट्टी) आणि पत्रा दोन्ही चकचकीत करा, स्टार वॉशर घालून आवळा. पावसाळ्यात दिव्याच्या रबरातून पाणी आत झिरपतं, म्हणून रबरही बघून घ्या. रबर फाटलेलं असेल तर पुढच्या आषाढात हेच काम पुन्हा निघेल.

---

दिंडोरी_बागायत

शहरातल्या गाडीपेक्षा आमच्या पट्ट्यातल्या गाड्यांना हा त्रास दुप्पट, म्हणून पिकअपवाल्यांसाठी लिहितो.

नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरी, निफाड, पिंपळगाव बसवंत इथल्या पिकअपमधून मोरचूद (कॉपर सल्फेट), कॅल्शियम नायट्रेट, अमोनियाची खतं, सल्फर असं सगळं जातं. सांडलेलं खत हवेतली ओल धरून ठेवतं आणि तांबं खातं. अमोनिया तर तांब्याचा वैरी आहे. खत उतरवलं की हौदा धुता तसा चासीवरचा अर्थ बोल्टही पाण्याने धुवा आणि वाळू द्या. आणि बॅटरीच्या टर्मिनलवर जी निळी-हिरवी पावडर जमते ती मोरचूदच आहे, नुसती उपमा नाही. बॅटरीतल्या सल्फ्युरिक ॲसिडची वाफ केबलच्या तांब्याला लागली की तेच तयार होतं. म्हणजे निळं दिसलं की समजा, केबलचं तांबं खाल्लं जातंय. नुसतं पांढरं असेल तर ते बहुतांश शिशाचं आहे, केबल अजून वाचू शकते.

साफ करायला कपभर कोमट पाण्यात चमचाभर खायचा सोडा. आधी निगेटिव्ह क्लॅम्प काढा, मग पॉझिटिव्ह. जुन्या दात घासायच्या ब्रशने लावा, फेस थांबेपर्यंत. बॅटरीची बुचं घट्ट असू द्या, सोड्याचं पाणी आत गेलं तर आतलं ॲसिड मारतं. मग साध्या पाण्याने धुवून कोरडं. डोळ्यावर चष्मा ठेवा, हात धुतल्याशिवाय तोंडाला लावू नका.

पिकअपची दुसरी गोष्ट: केबिन चासीवर रबराच्या गुटक्यांवर बसलेली असते आणि इंजिनही रबरावर. म्हणजे तीन वेगवेगळी बेटं झाली. बॅटरी ते चासी, चासी ते इंजिन, चासी ते केबिन अशा तीन जोडण्या लागतात. केबिनची पट्टी तुटली की मीटरचे काटे नाचतात, वायपर रखडतो, हॉर्न बसतो. ड्रायव्हर बॅटरी बदलतो आणि दोष जिथल्या तिथे राहतो.

थंडीतला एक मुद्दा. डिसेंबर-जानेवारीत निफाडला पारा एक अंकी होतो. गारठ्यात ऑईल घट्ट, बॅटरी सुस्त, आणि डिझेलला ग्लो प्लगचाही (गार इंजिन सुरू करताना तापणारा प्लग) भार. उन्हाळ्यात ०.४ व्होल्ट हरवूनही गाडी निघते, त्या पहाटे तेच ०.४ नडतात. म्हणून मोजणी द्राक्षछाटणीच्या सुमारास, ऑक्टोबरात करून ठेवावी.

---

इंदिरानगरकर

सगळ्यांचे आभार. मोजणी केली, इंजिन गरम असताना.

जंपरची काळी केबल इंजिनच्या हूकला लावून पाच वेळा सेल्फ मारला, पाचही वेळा पहिल्या झटक्यात घेतला. केबल काढून तिसऱ्या प्रयत्नात ‘टक’.

सेल्फ फिरतानाचे आकडे:
निगेटिव्ह खांब ते इंजिन: १.८०
खांब ते क्लॅम्प: ०.०५
क्लॅम्प ते बॉडीचा बोल्ट: ०.१०
बॉडी ते इंजिन: १.६५
पॉझिटिव्ह खांब ते स्टार्टर: ०.३१
बॅटरीवर: १०.७
‘टक’ होऊन अडकला तेव्हा खांब ते इंजिन: ६.४

डायनॅमोचं अंग ते निगेटिव्ह, सगळा भार लावून: ०.५२.

मागच्या डाव्या दिव्याचा अर्थ: १.३ व्होल्ट. होल्डरची पत्री स्वच्छ आहे.

बॉडी ते इंजिन पट्टी बॅटरीच्या ट्रेखाली, गियरबॉक्सवर सापडली. उघडी जाळीची आहे, कव्हर नाही. गियरबॉक्सकडच्या टोकाला हिरवी-काळी, हाताने वाकवली तर करकरते. आता पुढे?

---

सातपूरकर

याहून स्वच्छ निदान होत नाही. ०.०५, ०.१० आणि १.६५, बेरीज बरोबर १.८०. बॅटरी क्लॅम्प आणि बॉडीकडची केबल यांना हात लावू नका. स्टार्टर आणि पॉझिटिव्ह बाजू दोन्ही ठणठणीत आहेत. ती जाळीची पट्टी बदला, काम संपलं. डायनॅमोकडचे ०.५२ सुद्धा त्याच पट्टीतून येताहेत, टेंपरेचरचा काटाही त्यामुळेच हलतो.

जाळी करकरते म्हणजे तारा आतून कळकल्या आहेत. ती घासून वाचत नाही. वरून चकचकीत केली तरी तारांच्या मधलं कळंक तसंच राहतं.

काय आणायचं. तुमच्या गाडीला २५ चौरस मिलिमीटरची लवचीक तांब्याची केबल पुरे. हिचा अडथळा मीटरला साधारण ०.७८ मिलिओहम, म्हणजे अर्ध्या मीटरला २०० अँपिअरवर ०.०८ व्होल्ट पडतील. मोठ्या डिझेल इंजिनला ३५ चौरस मिलिमीटर घ्या. वेल्डिंग केबल चालते, तारा बारीक असतात त्यामुळे इंजिनच्या हादऱ्यात तुटत नाही. घरगुती वायरिंगची कडक केबल घेऊ नका. लांबी जुन्या पट्टीपेक्षा आठ-दहा सेंटिमीटर जास्त. इंजिन सेल्फ मारताना आणि क्लच सोडताना झुलतं, ताणलेली केबल थिंबलच्या गळ्यापाशी तुटते.

थिंबल दोन, २५ चौरस मिलिमीटरचे, कथील चढवलेले, भोक बोल्टच्या मापाचं. एम-८ बोल्टला ८ चं भोक. कथील का, तर गियरबॉक्सचं अंग ॲल्युमिनियमचं आहे. उघडं तांबं ॲल्युमिनियमवर बसलं आणि पाणी लागलं की ॲल्युमिनियम खाल्लं जातं. इगतपुरी-घोटीकडे पावसात जाणं-येणं असेल तर हे फार लवकर होतं.

थिंबल दाबायला हायड्रॉलिक क्रिंपर लागतो. पकडीने चेपलेला किंवा हातोडीने ठोकलेला थिंबल महिनाभर चांगला आकडा दाखवतो आणि मग सुटतो. नाशिकच्या सातपूर-अंबड भागात इलेक्ट्रिक पॅनेल बनवणारी वर्कशॉप्स आहेत, तिथे केबल आणि थिंबल घेऊन गेलात तर पाच मिनिटांत दाबून देतात. नुसती झाळ मारू नका. झाळ केबलमध्ये वर चढते, तेवढा भाग कडक होतो आणि कडक-लवचीक जिथे मिळतात तिथे तारा तुटतात. दाबल्यावर केबल जोरात ओढून बघा, केसभरही सरकता कामा नये. गळ्यावर आतून गोंद असलेली हीट श्रिंक नळी चढवा, म्हणजे पाणी तारांमध्ये शिरणार नाही.

काम. चावी काढा. बॅटरीचा निगेटिव्ह क्लॅम्प पहिल्यांदा सोडा, जोडताना शेवटी. उलटं केलं आणि पॉझिटिव्ह खोलताना पाना बॉडीला लागला तर तो पाना तिथल्या तिथे वेल्ड होतो. म्युझिक सिस्टिमला कोड असेल तर आधी लिहून ठेवा.

बॅटरी आणि ट्रे काढा. जुनी पट्टी दोन्हीकडून सोडा. बोल्ट गंजलेला असेल तर गंज सोडवणारं तेल मारून पंधरा मिनिटं थांबा. ॲल्युमिनियमच्या आट्यांत बोल्ट जबरदस्तीने फिरवला तर आटेच बाहेर येतात आणि हजाराचं काम दहा हजारांवर जातं.

बॉडीकडे थिंबल बसतो तेवढाच गोल, रुपयाच्या नाण्याएवढा, १२० नंबरच्या पॉलिश पेपरने चांदीसारखा चमकेपर्यंत घासा. रंग, प्रायमर सगळं गेलं पाहिजे. गियरबॉक्सकडे २२० चा हलका हात पुरे. बोल्टच्या आट्यांना तारेचा ब्रश.

थिंबल थेट धातूवर. थिंबल आणि धातू यांच्या मध्ये साधा वॉशर नको, वॉशर थिंबलच्या वर, बोल्टच्या डोक्याखाली. आवळताना थिंबल बोल्टबरोबर फिरतो, त्याला दुसऱ्या हाताने धरा. एम-८ ला २० ते २५ न्यूटन-मीटर. टॉर्क पाना नसेल तर हातभर लांबीचा दांडा लावू नका, छोट्या रॅचेटने घट्ट बसला की बास.

ग्रीस किंवा व्हॅसलीन आवळून झाल्यावर बाहेरून लावा. त्यावर बॉडीच्या बाजूला रंग किंवा अंडरकोट. घासलेला पत्रा उघडा राहिला तर पुढच्या पावसाळ्यात तिथूनच गंज सुरू होतो.

---

चौदा_पॉइंट_दोन

एका गोष्टीवर मतभेद नोंदवतो. ॲल्युमिनियमच्या टोकाला मी व्हॅसलीनचा अगदी पातळ हात आवळण्याआधीही लावायला सांगेन. बोल्टच्या दाबाने ते खालून बाजूला सरतं, धातूला धातू भिडतोच, आणि बारीक फटीत हवा-पाणी शिरत नाही. थापायचं नाही, बोटाला चिकटेल तेवढंच. स्टील बॉडीकडे मात्र सातपूरकर म्हणतात तसं नंतर.

---

सातपूरकर

मान्य, ॲल्युमिनियम घासताच त्यावर लगेच ऑक्साईडचा थर येतो. तिथे घासल्या घासल्या पातळ व्हॅसलीन लावून लगेच आवळणं योग्यच आहे. फक्त चाकाचं जाड ग्रीस कोणी भरू नये.

---

गंगापूररोड_वायरिंग

हा धागा वाचून नव्या गाडीवाले कामाला लागतील, म्हणून सावधगिरीच्या चार ओळी.

सिग्नलला आपोआप इंजिन बंद होणाऱ्या गाड्यांत, आणि आता बऱ्याच इतर नव्या गाड्यांतही, निगेटिव्ह क्लॅम्पवर एक छोटा प्लॅस्टिकचा डबीसारखा सेन्सर असतो, त्याला बारीक वायर येते. बॅटरीतून किती करंट आला-गेला हे तो मोजतो. अशा गाडीत जादा अर्थ केबल, अँप्लिफायरचा अर्थ किंवा जंपरचा चिमटा थेट निगेटिव्ह खांबाला लावायचा नाही. सेन्सरच्या पलीकडे, बॉडीच्या बोल्टला लावायचा. नाहीतर तो करंट सेन्सरला दिसत नाही, गाडी बॅटरीचा हिशेब चुकवते आणि चार्जिंग बिघडतं. सेन्सरच्या क्लॅम्पवर हातोडी किंवा पुलर तर अजिबात नको.

एअरबॅगवाल्या गाडीत सीटखाली किंवा स्टेअरिंगजवळ पिवळं कनेक्टर दिसलं तर ते उघडू नका. डॅशबोर्डच्या आसपासचा अर्थ बोल्ट खोलायचा असेल तर बॅटरी काढून दहा मिनिटं थांबा.

इंजिनच्या कंट्रोल युनिटचे अर्थ वेगळे, बारीक काळ्या वायरींचे, इंजिनवर किंवा बॉडीवर एकत्र बोल्टला येतात. ते स्वच्छ करून त्याच बोल्टला, त्याच क्रमाने लावा. पंखा, हॉर्न, फॉग लॅम्प असा जड भार त्या बोल्टवर जोडू नका. पंखा चालू झाला की त्या बोल्टवर व्होल्ट पडतात आणि सेन्सरचे आकडे हलतात. मग उगाच चेक इंजिनचा दिवा लागतो आणि कोणीतरी सेन्सर बदलत बसतो.

आणखी एक खूण, जुन्या गाड्यांसाठी. इंजिनची पट्टी तुटली तरी सेल्फ कधीकधी फिरतो, कारण करंट क्लचची केबल, गियरची केबल, ॲक्सिलरेटरची केबल यांच्या स्टीलमधून वाट काढतो. सेल्फ मारल्यावर यातली एखादी केबल हाताला गरम लागली किंवा तिचं प्लॅस्टिक वितळलेलं दिसलं तर त्या क्षणी गाडी बंद करा आणि अर्थ बघा. नुसती केबल बदलली तर नवीही जळेल.

---

इंदिरानगरकर

काम झालं. २५ चौरस मिलिमीटरची केबल, ४५ सेंटिमीटर, थिंबल सातपूरला हायड्रॉलिकवर दाबून आणले. बॉडीकडच्या बोल्टखाली कंपनीचा रंग होता, थिंबल फक्त बोल्टच्या आट्यांवर अर्थ घेत होता असं दिसलं. तोही घासला.

गरम इंजिनवर नवे आकडे: खांब ते इंजिन ०.२४, त्यात बॉडी ते इंजिन ०.०९. डायनॅमो ते निगेटिव्ह भारासह ०.०७. सेल्फ वीस वेळा मारला, एकदाही ‘टक’ नाही.

मागच्या दिव्याचा बोल्ट डिकीच्या डाव्या पॅनेलमागे मिळाला, थिंबलखाली तपकिरी गंज. घासून स्टार वॉशर घातला, १.३ चे ०.०४ झाले. दिव्याचं रबर खालच्या कोपऱ्यात चिरलेलं होतं, नवं मागवलंय.

एकच शंका: बॅटरीवर सेल्फ फिरताना आधी १०.७ होते, आता १०.३ दिसतात. हे उलटं कसं?

---

सातपूरकर

बरोबरच आहे. आधी अर्थ करंट अडवत होता, त्यामुळे बॅटरीवर ताण कमी पडत होता आणि आकडा फुगलेला दिसत होता. आता स्टार्टर मागेल तेवढा करंट मिळतो, म्हणून बॅटरी थोडी जास्त खाली येते. स्टार्टरच्या वाट्याला काय येतं ते बघा. आधी १०.७ मधून १.८० आणि ०.३१ वजा, म्हणजे ८.५९. आता १०.३ मधून ०.२४, आणि पॉझिटिव्हचे करंट वाढल्यामुळे ०.३५ धरा, म्हणजे ९.७१. १.१ व्होल्टच्या आसपास जास्त.

पंधरा दिवसांनी दोन्ही बोल्ट एकदा हाताने चाचपून बघा. तापून-गार होऊन नवा थिंबल किंचित बसतो, पाव आटा आवळावा लागू शकतो. रबर येईपर्यंत त्या दिव्याच्या खालच्या कडेला चिकटपट्टी लावून ठेवा, आणि गाडी धुताना पाण्याचा फवारा तिथे मारू नका.